लेकींच्या मंडळात खेचरवाला

मुलांनो, एक घर मनात आणा. घर दुमजली आहे आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला अगदी तसंच घर आहे, त्यामुळे फिरायला गेलेला माणूस परत येताना दारावरचा नंबर वाचल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. सकाळी गॅरेजचं दार घरघरत वर जातं, एक गाडी निघते. पुन्हा वर जातं, दुसरी निघते. मग दार खाली येतं आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात फ्रिज सोडून कुणी बोलत नाही. आता त्या घरात एक आजी बसवा. खुर्ची खिडकीजवळ द्या, म्हणजे तिला रस्ता दिसेल. रस्त्यावर काही दिसणार नाही, पण खुर्ची तिथेच द्या.

या आजीचं नाव सुहासिनी. साताऱ्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने उभी हयात चौथीचा वर्ग शिकवला. यजमान गेल्यावर मुलाने, सिद्धेशने, तिला नॉर्थ कॅरोलिनात कॅरी नावाच्या गावी आणलं. गाव चांगलं आहे. झाडं भरपूर, रस्ते स्वच्छ, माणसं गाडीत. सुहासिनीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि इथे बाकच नव्हते. एकदा घरघरणाऱ्या फ्रिजला ती सवयीने "आता पुरे" म्हणाली आणि तो खरंच थांबला. तेव्हापासून तिला जरा बरं वाटू लागलं. वर्ग छोटा होता, पण ऐकणारा होता.

घरात नऊ वर्षांची नात होती, अदिती. ही गोष्ट २००५ सालच्या भाद्रपदातली. त्या भागातल्या काही शाळा बारा महिने चालतात आणि मुलांना पाळीपाळीने सुट्टी मिळते. तिला 'ट्रॅक आउट' म्हणतात. अदितीची पाळी नेमकी भाद्रपदात आली होती, म्हणून दिवसभर दोघी घरी. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, तरी बोलणं झाल्यासारखं वाटायचं नाही.

आता सुहासिनीच्या मनातलं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढची धावपळ तुम्हाला वेडेपणाची वाटेल. ती तशी थोडीफार होतीच.

सुहासिनीचे आजोबा, कृष्णा धोंडी निकम, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले ते परत आले नाहीत. ते शिपाई नव्हते. सामान वाहणारी खेचरं हाकायचे. तिथे कूत नावाच्या गावाला वेढा पडला, धान्य संपत आलं, आणि फौजेत घोडी, खेचरं मारून खायची पाळी आली. मागाहून परतलेल्या एका गाववाल्याने सांगितलं की कृष्णा आपल्या वाट्याचं धान्य खेचराला चारायचा. पुढे खेचराचं काय झालं आणि कृष्णाचं काय झालं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गेलेल्या माणसाची तिथी माहीत नसेल तर त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढतात. ज्यांचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, त्या सगळ्यांचा तो दिवस. निकमांच्या घरी दर सर्वपित्रीला कृष्णाचं पान कावळ्यासाठी बाहेर ठेवत आणि पानाशेजारी मूठभर भिजवलेले हरभरे ठेवत. हरभरे खेचरासाठी. खेचर कधी आलं नाही, पण हरभरे चुकले नाहीत.

हे सगळं सुहासिनीचा धाकटा भाऊ प्रल्हाद करायचा. त्याने लग्न केलं नव्हतं, आणि त्या वर्षी वैशाखात तो गेला. फोन आला तेव्हा सुहासिनी रडली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसलेली असताना तिच्या लक्षात आलं की कृष्णा निकम हे नाव ठाऊक असलेलं जगात आता एकच माणूस उरलं आहे आणि ते या खुर्चीत बसलं आहे. शिवाय ते माणूस लेक आहे. माहेरचं पान लेकीने वाढायचं नसतं.

तिने सिद्धेशला सांगून पाहिलं. तो लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाला, "आई, आता ऑनलाइन पण करतात यार."

"मला यार म्हणू नकोस," सुहासिनी म्हणाली, आणि विषय मिटला.

विषय पुन्हा उघडला तो शेजारणीमुळे. शेजारच्या घरात मिस ल्युएला नावाच्या म्हाताऱ्या बाई एकट्याच राहत. तीन नातवंडांच्या आजीला 'मिस' का म्हणायचं, हे सुहासिनीने सगळ्यांना विचारून पाहिलं. "इकडे साउथमध्ये म्हणतात," एवढंच उत्तर मिळालं, आणि चौथीच्या बाईंना असलं उत्तर कधीच पुरलेलं नाही. तर या मिस ल्युएलांच्या अंगणातल्या झाडाला पिवळी फीत बांधलेली होती. सुहासिनीला वाटलं, नवस असेल. तिने कुंपणावरून विचारलं. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, आपण मराठीत ऐकू.

"माझा नातू इराकमध्ये आहे," मिस ल्युएला म्हणाल्या. "तो परत येईपर्यंत फीत ठेवायची."

"अरे वा," सुहासिनी म्हणाली. "माझे आजोबापण इराकमध्येच गेले होते. ते परत आले नाहीत."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. चाळीस पोरांसमोर फळ्यावर चुकीचं गणित सोडवल्यावर जसं होतं, तसं झालं. ती घाईघाईने म्हणाली, "पण त्यांच्याकडे खेचरं होती. तुमच्या नातवाकडे मोटार असेल."

मिस ल्युएला कुंपणाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांकडे खेचरं होती. खेचराला मागून हाक मारायची नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," सुहासिनी म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं. पण कॅरीत आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच तिला तिच्या माहेरचं काही विचारलं होतं.

मिस ल्युएलांचं एक मंडळ होतं, 'डॉटर्स ऑफ द पाइन फोर्क गार्ड्स'. पाइन फोर्क गार्ड्स ही अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, दक्षिणेच्या बाजूने लढलेली पलटण. तिच्यात ज्यांचे पूर्वज होते अशाच बायकांना मंडळात घेत. नातं रक्ताचं हवं. सून चालत नाही, लेक चालते. हे ऐकल्यावर सुहासिनीने त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. पूर्वजांचं सगळं लेकींनी करायचं, असा नियम असलेली जागा जगात आहे आणि ती आपल्या कुंपणापलीकडे आहे, हे तिला खरं वाटेना.

पुढच्या सभेला मिस ल्युएला तिला पाहुणी म्हणून घेऊन गेल्या. अदितीला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तीही गेली, हातात गेम घेऊन.

मंडळाचा थाट मोठा आणि माणसं थोडी. चर्चच्या तळघरात पन्नास खुर्च्या मांडलेल्या आणि बायका पाच. त्यातल्या एक झोपलेल्या. मिस ल्युएला अध्यक्ष होत्या, चिटणीस होत्या, आणि सँडविचही त्यांनीच केले होते. पूर्वी म्हणे खुर्च्या पुरायच्या नाहीत. मिस ल्युएलांची स्वतःची लेक तिकडे बॉथेलला, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि 'आई, मला त्यात ओढू नकोस' म्हणायची. का, ते मिस ल्युएलांनी सांगितलं नाही.

सभेची सुरुवात हजेरीने झाली. हजेरी हा सुहासिनीचा जिव्हाळ्याचा विषय. ती ताठ बसली. पण ही हजेरी जिवंत माणसांची नव्हती. प्रत्येकीने उभं राहायचं, हात बाजूला सरळ ठेवायचे, आपल्या पूर्वजाचं नाव आणि हुद्दा सांगायचा आणि क्षणभर तसंच उभं राहायचं. पहिल्या बाईंचे कॅप्टन निघाले. दुसऱ्या बाईंचेही कॅप्टन. मग दोन लेफ्टनंट, आणि झोपलेल्या बाईंना जागं केल्यावर त्यांनी एक कर्नल काढला. सुहासिनीच्या मनात आलं, हुकूम सोडणारे एवढे होते, तर ऐकायला कोण होतं. पण पाहुण्याने असले प्रश्न विचारू नयेत.

"आज आपल्याकडे मिस सुहा आल्या आहेत," मिस ल्युएला म्हणाल्या. "त्यांचंही कुणीतरी आहे."

सुहासिनी उभी राहिली. साडीचा पदर सारखा केला, हात सरळ केले. "कृष्णा धोंडी निकम," ती म्हणाली. मग हुद्दा. घरात पाहुण्यांसमोर त्यांना सुभेदार म्हणायची पद्धत होती. तिच्या ओठावर सुभेदार आलाही होता. पण शेजारी अदिती, चौथीच्या वर्गातली मुलगी, बसलेली होती, आणि चौथीच्या मुलांपुढे खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. "खेचरांचे ड्रायव्हर," तिने सांगितलं.

कर्नलवाल्या बाई म्हणाल्या, "किती खेचरं?" आणि पुढे बराच वेळ सभेत खेचरांवरच बोलणं झालं. अदितीने गेम बंद केला होता.

त्या भरात सुहासिनीने सगळ्यांना निमंत्रण देऊन टाकलं. सर्वपित्रीला आमच्याकडे या. आमच्या कृष्णाचं पान वाढू.

घरी कळल्यावर सून हिमानी पोळ्या लाटता लाटता थांबली. ती एका औषधांच्या कंपनीत नोकरी करायची आणि कुठलीही गोष्ट नीट विचारून घ्यायची. "आई, पितरांच्या जेवणाला पार्टीसारखं बोलावतात का? आणि पाच जणींना काय वाढायचं? कारल्याची भाजी?"

"त्या सँडविच आणतो म्हणाल्यात," सुहासिनी म्हणाली.

सल्ल्यासाठी दिगंबरकाकांना विचारणं भागच होतं, कारण न विचारताही त्यांनी तो दिलाच असता. दिगंबरकाका नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायचे. धरण सोडून सगळ्या विषयांवर ते अधिकाराने बोलत. आल्या आल्या ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, पहिली गोष्ट. लेकीला अधिकार नाही."

"ठाऊक आहे."

"दुसरी. तिकडची सर्वपित्री सोमवारी. पण इथल्या घड्याळात सोमवारी सूर्य उगवायच्या आत अमावस्या संपते. म्हणजे इथे रविवारी करावं लागेल."

"रविवारी त्या बायका चर्चला जातात."

"मग चर्च झाल्यावर. तिसरी गोष्ट म्हणजे कावळा." काकांनी चष्मा पुसला. "इकडचा कावळा पाहिलात का? मानेला राखाडी रंग नाही. नखशिखांत काळा. आवाजही वेगळा. हा आपलाच कावळा मानायचा की नाही, हा प्रश्न आहे. मी तुम्हाला नाही म्हणत नाही. पण ट्रायल घ्या."

ट्रायल घेतली आणि तिथेच सगळं बिघडलं. सुहासिनीने मागच्या अंगणात, लाकडी पाटावर दहीभात ठेवला. पहिल्यांदा खार आली आणि भात उधळून गेली. दुसऱ्या दिवशी रॅकून नावाच्या, तोंडाला काळं फासल्यासारख्या प्राण्याने ताटलीसकट भात नेला. मग सुहासिनीने भात वाढवला, वडे घातले, तूप सोडलं. त्या दुपारी अदिती खिडकीतून म्हणाली, "आजी, देअर आर बिग बर्ड्स ऑन द रूफ."

छपराच्या कण्यावर ओळीने गिधाडं बसली होती. भारतातली गिधाडं गेली कुठे, असं तिकडे पेपरात छापून येत होतं. सुहासिनीला त्यांचा पत्ता लागल्याचा आनंदच झाला. समोरच्या घरातल्या माणसाला तो झाला नाही. त्याने फोटो काढला.

दोन दिवसांनी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. आपल्याकडे सोसायटी असते ना, तसलीच, पण हिला गवताची उंचीही मोजायची असते. पत्रात म्हटलं होतं की रानटी प्राण्यांना अन्न घालणं नियमाविरुद्ध आहे आणि अंगणात परवानगीशिवाय लाकडी बांधकाम उभारलेलं आढळलं आहे. लाकडी बांधकाम म्हणजे तो पाट. सुहासिनीच्या लग्नातला.

सिद्धेश ऑफिसातून आला, पत्र वाचलं आणि उभ्यानेच म्हणाला, "आई, आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे."

या घरात सगळ्या गोष्टी तिथेच येऊन थांबत. दिवाळीत बाहेर पणती लावायची नाही, ग्रीन कार्ड. गाडीवर स्टिकर नको, ग्रीन कार्ड. असोसिएशनचा आणि सरकारचा काही संबंध नाही, हे त्याला माहीत होतं, पण ज्याचा कागद सरकारच्या टेबलावर पडलेला असतो त्याला गिधाडंही सरकारीच वाटतात.

"मी काय करू मग?" सुहासिनीने विचारलं.

"मनात कर ना, आई. देवाला काय, मनातलं पण पोचतं."

"देवाला पोचत असेल. आजोबांना कावळा लागतो."

सिद्धेश हसला. हिमानीही हसली. सुहासिनी हसली नाही. ती पाट उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली आणि पलंगाखाली सरकवला. मग खिडकीशी बसली. फ्रिज खाली घरघरत होता, पण त्या दिवशी तिने त्याला काही म्हटलं नाही.

मिस ल्युएलांनी मार्ग काढला. त्यांच्या मंडळाकडे गावाबाहेर एक जुनी दफनभूमी होती, पाइनच्या झाडीत. पाइन फोर्क गार्ड्सचा दगड तिथेच होता. "तिथे असोसिएशन नाही," त्या म्हणाल्या. "तिथल्या रहिवाशांची तक्रार येत नाही."

दिगंबरकाकांनी बराच विचार केला. "स्मशानात पान. शास्त्रात नाही," ते म्हणाले. "पण शास्त्रात नॉर्थ कॅरोलिनाही नाही. मी येतो."

रविवारी सकाळी हिमानीने वरण-भात, भोपळ्याची भाजी, वडे, खीर, सगळं केलं. सासूला तिने विचारलंही नाही. पहाटेच उठून कारली चिरायला बसली होती. केळीचं पान मात्र फ्रीझरमधलं होतं, गाव सोडून आलेल्या माणसासारखं कडक झालेलं. कोमट पाण्यात टाकलं तर त्याच्या चिंध्या झाल्या. घरात दुसऱ्या ताटल्या पाहिल्या तर अदितीच्या हॅलोविनच्या उरलेल्या, कागदी, प्रत्येकीवर एक हसरं पांढरं भूत.

"पितरांना भुताच्या ताटलीत?" सुहासिनी म्हणाली.

"आजी, ही लुक्स फ्रेंडली," अदिती म्हणाली.

चर्च सुटायच्या वेळेला सिद्धेश सगळ्यांना गाडीतून दफनभूमीत घेऊन गेला. मंडळाच्या लेकी चर्चच्या टोप्या घालून आल्या होत्या. त्यांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या आणि सँडविच. सुहासिनीने पाट मांडला, त्यावर भुताची ताटली वाढली आणि शेजारी वाटीत भिजवलेले हरभरे ठेवले. समोर गार्ड्सचा मोठा दगड आणि त्याच्याभोवती दक्षिणेच्या फौजेचे छोटे झेंडे. त्याला लोखंडी कुंपण. कुंपणापलीकडे, उतारावर, वेलींच्या गालिच्यात काही ओबडधोबड दगड होते, नावाचे नव्हेत, शेतातून उचलून आणून उभे केल्यासारखे.

अदिती झेंड्यांकडे बघत होती. तिच्या वर्गात त्या वर्षी राज्याचा इतिहास होता. तिने मिस ल्युएलांना सरळ विचारलं, ही माणसं गुलामगिरी ठेवायच्या बाजूने लढली ना.

सिद्धेशने "अदिती" म्हटलं. टोप्यांमधली एक खाली झुकली.

मिस ल्युएलांनी हातातली पर्स उघडली आणि बंद केली. "हो," त्या म्हणाल्या. "आमच्या सभेत हे वाक्य म्हणत नाहीत. आम्ही शौर्य म्हणतो. माझी लेक म्हणते, ते वाक्य म्हणशील तेव्हा मी येईन."

"आणि ते कोण?" अदितीने कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

"शेतावर राबणारे. गुलाम. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत."

"त्यांच्यासाठी हजेरीला कोण उभं राहतं?"

मिस ल्युएलांनी पुन्हा पर्स उघडली. अदिती आजीकडे वळली. "अँड युवर ग्रँडपा? ही वॉज विथ द ब्रिटिश?"

"हो."

"बट यू सेड दे वेअर द बॅड गाइज."

स्वातंत्र्याचा धडा सुहासिनीने इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना शिकवला होता की तो तिला झोपेतही सांगता आला असता. त्या धड्यात आजोबांना कुठे बसवायचं, हा प्रश्न तिला एकाही मुलाने विचारला नव्हता, आणि तिने स्वतःहून तो काढला नव्हता. "तो पोटासाठी गेला," मिस ल्युएलांनाही कळावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली. "गावात दुष्काळ होता. त्याची बाजू म्हणशील, तर ती खेचरांची."

"माझ्या पणजोबांकडे निदान खेचर तरी असायला हवं होतं," मिस ल्युएला हळूच म्हणाल्या.

मग सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळा होता. उंच पाइनवर बसून तो खाली बघत होता, नखशिखांत काळा. तो हलेना. लेकींनी सँडविच संपवले. कर्नलवाल्या बाई झोपल्या. खीर थंड झाली.

"काहीतरी इच्छा राहिलीय," दिगंबरकाका दबक्या आवाजात म्हणाले. ताटलीवर नजर ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. "ताई, बोला. वचन द्या."

पान शिवायला कावळा येत नसेल, तर घरच्यांनी गेलेल्या माणसाला मोठ्याने सांगायचं असतं, की तुझ्या मागचं आम्ही बघू. सुहासिनी पाटासमोर उभी राहिली. "आजोबा," ती म्हणाली, "प्रल्हाद गेला, तरी हरभरे चुकायचे नाहीत. मी ठेवीन." कावळ्याने मान वाकडी केली. "मी आहे तोवर ठेवीन," ती म्हणाली, कारण तेवढंच खरं होतं, आणि कावळा उडून मागच्या फांदीवर जाऊन बसला.

"आई, मी ठेवीन ना पुढे," सिद्धेश म्हणाला. नळ गळतोय, प्लंबरला फोन करीन, असं तो ज्या आवाजात म्हणायचा, त्याच आवाजात. स्वतःचा आवाज त्यालाही ऐकू आला असावा, कारण तो बुटांकडे बघू लागला.

सुहासिनीने पदर घट्ट धरला. या सगळ्या माणसांत, या टोप्यांत आणि झेंड्यांत, तिला त्या खिडकीतल्या खुर्चीपेक्षाही एकटं वाटलं. एक म्हातारी बाई, एक कागदी ताटली, आणि माहीत नसलेल्या दिवशी मेलेला एक माणूस, ज्याचं नाव तिच्याबरोबर संपणार होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आवरूया."

"आजी, वेट," अदिती म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली. मंडळाच्या सभेत बायका जशा उभ्या राहिल्या होत्या, तशी पाटासमोर ताठ उभी राहिली, हात बाजूला सरळ. "कृष्णा धोंडी निकम," ती म्हणाली. धोंडीतला ध तिला नीट जमला नाही. "खेचरांचे ड्रायव्हर." मग तिने हरभऱ्यांतले थोडे उचलून ताटलीजवळ ठेवले आणि उरलेली वाटी हातात घेतली.

"यू सेड इट्स फॉर एव्हरीबडी हूज डे नोबडी नोज," ती आजीला म्हणाली.

"हो. सगळ्यांसाठी."

अदिती कुंपणाच्या छोट्या दारातून पलीकडे गेली. वेलींमधून जपून पाय टाकत पहिल्या ओबडधोबड दगडापाशी पोचली आणि त्याच्यापुढे हरभऱ्याचे चार दाणे ठेवले. मग ताठ उभी राहिली, तोंड उघडलं आणि थांबली. मागे वळून तिने हाक मारली, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, आणि मराठीत.

"आजी, नाव माहीत नसेल तर काय म्हणायचं?"

"नुसतं उभं राहायचं, बाळा," सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज कसाबसा कुंपणापर्यंत पोचला.

शेजारी खुर्ची करकरली. मिस ल्युएला काठी टेकून उठत होत्या. मागे पाटावर काहीतरी फडफडलं. पण ताटलीवर नजर ठेवायचं काम ज्यांचं होतं, ते दिगंबरकाकाही त्या वेळी उताराकडेच बघत होते.

अदिती त्या दगडापाशी उभी राहिली, हात सरळ, हनुवटी वर, बराच वेळ. मग वाटी सावरून ती पुढच्या दगडाकडे गेली.